रोमिनाचा अठरा सेकंदांचा सूर

रोमिना जाऊन चार महिने झाले होते आणि रोज दुपारी चारला ती गल्लीत गात होती.

गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटीभर साखर देता यावी. एका बाजूला साल्वीनाचं बटणं-रिळांचं दुकान, दुसऱ्या बाजूला रोमिनाच्या आईचं, जूझामावशीचं घर. मावशीचं वय चौऱ्याऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले. दुपारची झोप झाली की ती चाचपडत खिडकी सताड उघडायची आणि टेप लावायची. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या युरोव्हिजनमधलं, युरोपातल्या देशादेशांच्या त्या गानस्पर्धेतलं, रोमिनाचं गाणं सुरू होई. शेवटी सगळी वाद्यं थांबत आणि एक सूर एकटाच वर चढत जाई. अठरा सेकंद. जाणारे-येणारे थबकत, छातीवर क्रूस करत आणि हळूच म्हणत, “रोमिना गातेय.”

साल्वीनाही क्रूस करी. न करून सांगते कुणाला? पण तिच्या अंगावर काटा यायचा तो वेगळ्याच कारणाने. तो सूर रोमिनाचा नव्हता. तो साल्वीनाचा स्वतःचा होता. आपण इथे धडधाकट, गिऱ्हाइकाला चेन दाखवतोय, आणि समोर आपल्याच आवाजासाठी लोक मेलेल्या माणसाची प्रार्थना म्हणताहेत! कधीकधी तिला वाटे, मेली ती मीच, आणि हे कुणी मला सांगितलेलं नाही.

झालं होतं असं. माल्टाच्या माणसाला बायकोचा वाढदिवस आठवणार नाही, पण कुठल्या साली कुठल्या शेजारी देशाने आपल्याला शून्य गुण दिले ते मुखोद्गत असतं. एवढंसं बेट, आणि जिंकलेलं एकदाही नाही. त्या वर्षी उत्तरेकडच्या एका गारठलेल्या शहरात रोमिना गाणार होती. मागे उभ्या राहणाऱ्या तीन साथीच्या गायिकांत साल्वीना होती. दोघी एकाच गल्लीतल्या, चर्चच्या गायनवृंदात एकाच बाकावर बसणाऱ्या. अंतिम फेरीच्या दुपारी रोमिनाचा घसा बसला. खालचे स्वर कसेबसे निघत होते, वरचा निघेना.

पथकप्रमुखाने नियमांची वही चाळली. मंचावर फार तर सहा माणसं, सगळ्यांनी प्रत्यक्ष गायचं. कुणी कुठली ओळ गायची यावर बंधन नव्हतं. “नियमात बसतं,” तो म्हणाला. “त्या सुराला रोमिनाने नुसतं तोंड उघडायचं, साल्वीनाने मागून गायचं. फक्त घरी कुणाला कळता कामा नये.”

रोमिनाने तिचा हात घट्ट धरला. “साल्वीन, आईला नको गं सांगूस. मी मेले तरी नको.” साल्वीनाने गावच्या संताची शपथ घेतली.

तिसरा क्रमांक आला. विमानतळावर अर्धं बेट लोटलं होतं. रोमिनाला लोकांनी खांद्यावर घेतलं, साल्वीनाने दोघींच्या बॅगा घेतल्या. पुढे रोमिनाने ते गाणं पुन्हा कधीच म्हटलं नाही. “तो सूर त्या दिवसाचा,” असं ती सांगे, आणि लोकांना त्यातही तिचा मोठेपणा दिसे. साल्वीनाला तिचा राग यायचा आणि दयाही. शेवटच्या आजारात रोमिना तिच्याशी सगळं बोलली, फक्त त्या सुराबद्दल बोलली नाही.

मंगळवारी नार्दू मास्तर दुकानात आले. निवृत्त मुख्याध्यापक, बँड क्लबचे अध्यक्ष, आणि समोरचा कितीही म्हातारा असो, त्याला पाचवीतलाच समजणारे.

“साल्वीन, रोमिनाची संगमरवरी पाटी तयार झाली. रविवारी चौकात कार्यक्रम. तिचं गाणं तू म्हणायचंस.”

“मी?”

“तू नाही तर कोण? मागे उभी तर होतीस ना? पण सगळं नाही म्हणायचं हं. शेवटच्या सुराआधी थांबायचं. तिथे आम्ही टेप लावणार.”

“मला येतो तो सूर, मास्तर.”

मास्तर खो खो हसले. “अगं, आमच्या हिलाही येतो, न्हाणीघरात! उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नसतं ते. तो सूर रोमिनाचा. तू तिथे तोंड मिटून उभी राहा. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तमच.”

सत्तावीस वर्षं जे तिने गिळलं होतं ते त्या एका वाक्याने वर आलं. नाही मिटणार तोंड, तिने ठरवलं. रविवारी अख्ख्या गावासमोर तो सूर गायचा आणि कुणाचा ते सांगायचं. पण मावशीला हे चौकात, चारचौघांकडून कळलं असतं. शपथ मोडायचीच तर निदान तिच्या तोंडावर मोडावी. साल्वीनाने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि ती गल्ली ओलांडून समोरचा जिना चढली.

चार वाजून गेले होते. टेप चालू होती.

“कोण? साल्वीन? बस पोरी, बोलू नकोस. येतेय ती.”

सूर चढला तशी मावशीने हात पुढे केला, समोर कुणी उभं असावं तसा. तिचा चेहरा उजळला. अठरा सेकंद संपल्यावर तिने हात मांडीवर ठेवला. “येऊन गेली. रोज येते. देवाने डोळे नेले, पण पोर ठेवली बघ.”

इथेच साल्वीनाने उठायला हवं होतं. कुणीही उठलं असतं. पण तिच्या कानात मास्तरांचं हसू होतं.

“मावशी, हा आवाज रोमिनाचा नाही,” ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं.

मावशीने चाचपडत टेप बंद केली. मग म्हणाली, “गा बघू.”

साल्वीना उभी राहिली आणि गायली. पन्नाशीला टेकलेल्या बाईचा सूर, पण एक सेकंद कमी पडला नाही. खाली गल्लीत कुणीतरी म्हणालं, “अरे, आज रोमिना दोनदा गायली!” साल्वीनाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, खूप आनंद झाला.

“हो गं बाई, तूच ती,” मावशी म्हणाली. “कॉफी घेतेस?”

दुसऱ्या दिवशी चारला खिडकी बंद होती. लोक थांबले, वर पाहून पुढे गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. साल्वीना दुकानात कान टवकारून बसे. सुटका झाली असं वाटायला हवं होतं, पण तिला धड जेवण जाईना. ती शांतता त्या सुराहून भयाण होती. शनिवारी ती न राहवून गेली.

मावशी अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“मावशी, मी उद्या नाही गाणार. कुणाला काही सांगणारही नाही. पण टेप लावा हो.”

“कशाला? तुझा आवाज ऐकायचा तर खिडकीतून हाक मारेन. तू आहेस की जिवंत.”

“एवढा एक सूर सोडला तर बाकी सगळं गाणं तिचंच आहे.”

मावशीने मान वळवली. “खरं? मग दाखव मला. माझी पोर कुठे कुठे आहे त्यात, एकेक ओळ सांग.”

साल्वीनाने घाईने टेप लावली. पहिली ओळ आली.

“ही ती?”

“हो मावशी, हीच.”

“आणि ही?”

“हीसुद्धा.”

मावशी खुर्चीच्या टोकावर आली. दुसरं कडवं सुरू झालं. तिथे मागच्या तिघीही रोमिनाबरोबर गात, आणि त्या दिवशी रोमिनाला सावरायला साल्वीना नेहमीपेक्षा मोठ्याने गायली होती, तिच्याच सुरात, तिच्याच लकबीने. दोन आवाज एकात एक मिसळले होते.

“आणि ही?” मावशीने विचारलं.

साल्वीनाने टेप मागे नेली, पुन्हा लावली, कान अगदी जवळ नेला. तिला सांगता येईना.