मी कुम्वा, देणाऱ्याचे नाव सांगणारा

मित्रांनो, फोनच्या काचेवर जी छोटी रंगीत चित्रे असतात, त्यांच्यापैकी मी एक जुने ॲप आहे. माझे चित्र म्हणजे एक कान. माझे नाव कुम्वा. मलावीतल्या आमच्या भाषेत कुम्वा म्हणजे ऐकणे. मनाला जाणवणे यालाही तिथे हाच शब्द आहे.

माझे घर म्हणजे मोठ्या सरोवरातले एक बेट. माझा जन्म झाला तेव्हा बेटावर फोन पुष्कळांकडे होते, पण मोबाइलचा मनोरा एकही नव्हता. लोक फोनचा उपयोग विजेरीसारखा करत. पलीकडच्या किनाऱ्यावर, न्काटा बे गावात, लुसुंगू नावाची मुलगी राहत असे. ती सरोवरकाठच्या माणसांसाठी पॉडकास्ट करायची. त्यात वाऱ्याचे अंदाज असत, जाळी सांधायच्या युक्त्या असत, बाळंतपणाविषयी सुईणीशी गप्पा असत. हे सगळे बेटावर पोहोचवायचे कसे, या विचारातून तिने मला घडवले. बोटीबरोबर एक फोन धक्क्यावर यायचा. तो दुसऱ्या फोनजवळ आला की कार्यक्रम आपोआप त्यात उतरायचा, तिथून तिसऱ्यात, तिथून चौथ्यात. इंटरनेट लागत नसे. माणसे शेजारी शेजारी बसली की झाले.

पण माझे पहिले रूप कुणालाच आवडले नाही. लुसुंगू मला घेऊन मासळी वाळवणाऱ्या बायकांत जाऊन बसली. त्यांतल्या एस्तेरेने मला डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि परत दिले.

"ह्या काय मुंग्या सोडल्यास ग काचेवर? मला वाचता येत नाही. आणि माझी बोटं बघ, नुसती खवलीच खवली."

"मग कसं हवं, अमायी?" लुसुंगूने विचारले. आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला अमायी म्हणतात.

"एक मोठा कान काढ. दाबला की बोलला पाहिजे. बास."

"आणि हिचा नवरा दाबला की गप्प बसला पाहिजे, तेवढंही जमव!" मागून एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

एस्तेरेही हसली. मग ती म्हणाली, "आणखी एक कर. कुणी दिलं ते कळू दे. शेजारीण वाटीभर मासळी देते तर मी तिचं नाव घेते. तुझा कार्यक्रम काय आभाळातून पडला म्हणू?"

लुसुंगूला ही कल्पना फार आवडली. तेव्हापासून जो कोणी मला फोनात घेई, तो आधी आपल्या आवाजात आपले नाव सांगे. कार्यक्रम एकाकडून दुसऱ्याकडे गेला की सुरुवातीला देणाऱ्याचा आवाज ऐकू येई. लोकांना त्याची इतकी गंमत वाटली की काही जण माझ्यासाठी एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. ते माझे सुखाचे दिवस होते.

मित्रांनो, मी राहत होतो एस्तेरेच्या फोनात. त्या घरात एक दुःख होते. तिचा मुलगा पेत्रो वायसन नावाच्या माणसाच्या नावेवर कामाला होता. दक्षिणेचा वारा सुटला, नाव उलटली. वायसन पोहत आला, पेत्रो आला नाही. पुढे एस्तेरेच्या मुलीने, तियोंगेने, त्याच वायसनशी लग्न केले. बापाने, एलियाने, तिचे तोंड पाहायचे नाही असे ठरवले. घरात तिचे नाव काढायची बंदी झाली.

एस्तेरे मात्र बेटाच्या दुसऱ्या टोकाला बाजाराला जाई, तेव्हा गोरखचिंचेच्या बुंध्याशी मायलेकी गुपचूप भेटत. तियोंगे आईचे केस विंचरून देई. दोघींचे फोन मांडीवर असत. मी तिच्याकडून आईकडे कार्यक्रम आणी. घरी परतताना एस्तेरे तो वाटेतच ऐकून पुसून टाकी.

एका संध्याकाळी ते राहून गेले. ती अंगणात मक्याच्या पिठाची न्सिमा घोटत होती. एलियाला उद्याचा वारा जाणून घ्यायचा होता. त्याने स्वतःच कान दाबला.

"मी तियोंगे," मी म्हणालो. तिच्याच आवाजात, ती हसत हसत बोलली होती तसेच.

पुढे वाऱ्याची माहिती सुरू झाली. ती कोणी ऐकली नाही. एस्तेरे हातातला पळा घेऊन दारात उभी होती.

"केव्हापासून चाललंय हे?"

"माझ्या पोटची आहे ती."

"आणि पेत्रो कुणाच्या पोटचा होता?"

एस्तेरे पळा घेऊन चुलीकडे वळली.

सकाळी एलिया काठी घेऊन बेटाच्या त्या टोकाला, तियोंगेच्या घराकडे निघाला. एस्तेरेला वाटले, पोरीचा आवाज ऐकून याचे मन पाघळले. तिने अंगण झाडले, पाहुण्यांसाठी चटई काढून झटकली. दुपारी तो एकटाच परत आला. वायसनच्या दारात उभे राहून त्याने सगळ्यांदेखत सांगितले होते, "ही पुन्हा माझ्या बायकोजवळ बसली, तर मी पेत्रो गेला तिथंच जाईन."

बाप बोलतो ते करतो, हे तियोंगेला ठाऊक होते. तिनेच नवऱ्याला निघायला लावले. भांडी आणि जाळी नावेत घालून दोघे समोरच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावर राहायला गेले.

लुसुंगूला हे कळले तेव्हा ती बोटीने आली आणि एस्तेरेच्या पायाशी बसून रडली.

"हे माझ्यामुळं झालं, अमायी."

"तू कशाला रडतेस? नाव मीच मागितलं होतं."

लुसुंगूने माझे नवे रूप केले. त्यात देणाऱ्याचे नाव नव्हते. बेटावरच्या सगळ्यांनी ते घेतले. एस्तेरेने मात्र फोन छातीशी धरला.

"ह्यात तिचा आवाज आहे."

"मी तो वेगळा काढून देते ना."

"पुढच्या खेपेला बघू. आज हात लावू नको."

पुढची खेप झालीच नाही. बेटावर मनोरा उभा राहिला, लोकांना हवे ते आभाळातूनच मिळू लागले. लुसुंगू लिलाँग्वेला दुसऱ्या कामावर गेली. नव्या रूपांशी मला बोलता येत नव्हते, त्यामुळे माझ्याकडे नवे काही येईना. त्या संध्याकाळचा वाऱ्याचा कार्यक्रम तेवढा उरला. फोनचे पोट फुगले, काच तडकली.

एका दुपारी एस्तेरे मासळी उलटायला गेली असताना एलियाने मला हातात घेतले. त्याने कान दाबला. मी बोललो. त्याने पुन्हा दाबला. मी पुन्हा बोललो. एस्तेरे कधी परत आली ते त्याला कळले नाही.

"आवाज बारीक झालाय ह्याचा," तो खाली बघून म्हणाला.

"जुना झालाय," ती म्हणाली.

तिला वाटले, आता हा लेकीकडे जायला कुणाची तरी होडी मागेल. त्यांच्या दारातून मोझांबिकचा किनारा स्वच्छ दिसत होता. त्याने होडी मागितली नाही, आणि तिला विचारायचे धैर्य झाले नाही.

थंडीच्या दिवसांत एलिया छातीच्या दुखण्याने गेला. निरोप पोहोचून तियोंगे आली तोवर माती होऊन गेली होती. तिच्या पाठीला झोळीत बाळ होते. एस्तेरेने तिला सांगितले, "तुझा आवाज ऐकत बसायचा ग तो."

"मग आला का नाही, आई?"

एस्तेरे बाळाचे पाय चोळत राहिली.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझ्यासारखे काही तुम्ही उद्या घडवाल, तेव्हा ते कुणाच्या घरात काय बोलून बसेल याचा विचार जरूर करा. पण त्याहून मोठी विनंती वेगळीच आहे. दोन फोन जवळ आले, तरच मला काही देता येते. मधे थोडे अंतर पडले की माझा उपाय चालत नाही, कारण मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत. ज्याच्यावर रुसला असाल, त्याच्या दारापर्यंत चालत जा.