चनबसप्पांचा फोटो

‘‘एक तरी फोटू आसंल की, दादा. सगळ्या सोलापूरची लग्नं केली म्हणं त्यानं.’’

निंगव्वानं चहाचा कप न शिवताच बाजूला सारला आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरली. ती चनबसप्पांची थोरली बहीण. वळसंगहून सकाळच्या यष्टीनं आली होती. भाऊ जाऊन दीड महिना झाला होता आणि भिंतीला लावायला घरात त्याचा फोटो नव्हता.

‘‘गिरणीच्या कार्डावर नव्हता?’’ आमच्या मंडळींनी विचारलं.

‘‘नंबर हाय त्यावर. नंबराला इभूती लावू का मी?’’

मी कप पुन्हा तिच्यापुढं सरकवला.

चनबसप्पा आमच्या गिरणीत हिशेबनीस होते, मी जावक कारकून. तेवीस वर्षं आमची टेबलं शेजारीशेजारी. पगारातून काय का कापलं, हे ते सुताला खळ लावणाऱ्या सायजिंग खात्यातल्या म्हाताऱ्यालाही न चिडता तीनतीनदा समजावून सांगत. शेवटी तो म्हातारा कापलेल्या पैशाबद्दल त्यांचेच आभार मानून जाई. अशा माणसावर लोक जीव टाकतात. आणि जीव टाकणारे लोक कामाला लावतात.

चनबसप्पांना लावलेलं काम म्हणजे आहेर लिहिणं. हुंड्यावरून जेवढी घरं भांडली नसतील तेवढी आमच्याकडं आहेराच्या वहीवरून भांडली आहेत. आम्ही तुमच्या थोरलीला पातेलं दिलं, तुम्ही आमच्या धाकट्याला चमचा दिलात, हे दहा वर्षांनी निघतं. चनबसप्पांच्या वहीपुढं मात्र कुणाचं काही चालत नसे. पातेल्यावर झाकण होतं की नव्हतं, इथपर्यंत त्यात लिहिलेलं असे. त्यामुळं गिरणीत कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी भटजीला विचारत, मग चनबसप्पांना, आणि मग सवड झाली तर मुलीला.

मांडवाच्या तोंडाशी टेबल, टेबलावर वही आणि मांडवाकडं पाठ. शेवटच्या पंगतीला आचारी आणि बँडवाल्यांबरोबर जेवायचं आणि चालत खोलीवर जायचं. खोलीवर कुणी नव्हतं. त्यांचं स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं होतं. का, म्हणून विचारलं की म्हणत, ‘‘मग आहेर कोण लिहिणार?’’

आमच्या मुक्ताचं लग्न ठरलं तेव्हा ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

‘‘या खेपेला मी लिहिणार नाही बघा. मुक्ताला अक्षता टाकणार. पुढं उभा राहून.’’

मुक्ताला मॅट्रिकला गणित त्यांनीच शिकवलं होतं. दोन वर्षं, दर रविवारी. ती त्यांना अण्णा म्हणायची.

‘‘तुम्हाला लिहायला कोण सांगतंय, अण्णा?’’ मी म्हणालो.

‘‘तसं लिहून देता?’’

‘‘तोंडी चालत नाही?’’

‘‘हिशेबनिसाला?’’ ते म्हणाले आणि हसले. मला वाटतं, मी लिहून द्यायला हवं होतं.

वैशाखातला मुहूर्त होता. चनबसप्पा नवी टोपी घालून तासभर आधीच आले आणि बोहल्यासमोर पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभेच. मधूनमधून मुठीतल्या अक्षता चाचपून बघत होते. वहीवर मी माझ्या मेहुण्याला, महिपतीला बसवलं होतं. तो केमहून मुद्दाम आला होता आणि त्याचं अक्षर चांगलं होतं. अक्षरापलीकडं चौकशी करायचं मला सुचलं नाही.

मुहूर्ताला दहा मिनिटं असताना दाराशी आरडाओरडा झाला. महिपतीनं वहीत लिहिलं होतं, ‘घागर – काकू’. मांडवात त्या वेळी काकू होत्या एकोणीस. त्यांतल्या दोघींनी घागर दोन बाजूंनी धरली होती. खाली ‘चष्मेवाले – एक तांब्या’ अशीही नोंद होती आणि ते चष्मेवाले माझे व्याही होते.

‘‘अहो, अण्णांना सांगा की,’’ आमच्या मंडळी म्हणाल्या. ‘‘पाच मिनिटांचं तर काम!’’

मी गेलो. ‘‘अण्णा...’’ एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि महिपतीला हाक मारून आपल्या जागेवर उभं केलं. मुठीतल्या अक्षता त्याच्या हातात ओतल्या.

‘‘माझ्या वाटच्या टाका. आणि नीट टाका, पोरीच्या डोळ्यांत घालू नका.’’

तोवर मुक्ता आतून बाहेरही आलेली नव्हती.

पाच मिनिटं दुपारी चारला संपली. दोन्ही काकूंना घागर आपलीच नोंदली गेल्यासारखं वाटत होतं. हे त्यांनी कसं जमवलं ते मला अजून कळलेलं नाही. मी जवळ जाऊन म्हणालो, ‘‘अण्णा, तुमचं राहिलंच.’’

‘‘काय राहिलं? ऐकू येत होतं की सगळं,’’ ते म्हणाले आणि वही माझ्या हातात दिली.

त्या पौषात ते गेले. रविवारी कधीतरी, खोलीवर. सोमवारी भोंगा झाला तरी त्यांची खुर्ची रिकामी दिसली तेव्हा आम्हाला कळलं. गिरणीची सगळी पाळी त्यांच्यामागून चालली. बायका रडल्या, पुरुष रडले, साहेबानं चष्मा पुसला. रविवारभर मात्र त्यांच्याकडं कुणी गेलेलं नव्हतं.

निंगव्वाचा निरोप आधी आला होता, म्हणून मी गिरणीत सांगून ठेवलं, ज्याच्या त्याच्या घरचा अल्बम आणा. त्रेचाळीस अल्बम आले. मी एकेक पान बघितलं. एका अल्बममध्ये बँडवाल्याचे नऊ फोटो होते. एकात नवरदेवाच्या घोड्याचा पायापासून कानापर्यंत फोटो होता. चनबसप्पा एकातही नव्हते. फोटोवाला मांडवात असतो, दाराशी त्याचं काय काम?

हे मी निंगव्वाला कसं सांगणार होतो?

‘‘तुमच्या पोरीच्या लग्नाचं त्यानं मला पत्र धाडलं हुतं,’’ ती सांगत होती. ‘‘आमच्या गुरुजीनं वाचून दावलं. दर लग्नाचं धाडायचा, पर ह्ये लई मोठं हुतं. मुक्ता हिरव्या शालूत लक्षुमीवानी दिसत हुती म्हणं. अक्षता टाकताना ह्यो फुडंच हुबा हुता. डोळ्याला पानी आलं, आसं बी लिवलंय. व्हय की न्हाय?’’

शालू डाळिंबी होता.

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘पुढंच होते.’’

‘‘मंग दाव की त्यो फोटू.’’

आमच्या मंडळींनी मुक्ताचा अल्बम आणून दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. निंगव्वा एकेक पान बोटानं सावकाश उलटत होती. एका फोटोपाशी थांबली. बोहलं, अंतरपाट, उडालेल्या अक्षता. आणि अगदी पुढं पांढऱ्या टोपीतला एक माणूस, पाठमोरा, हात वर केलेला.

‘‘ह्यो न्हवं का माजा चन्ना?’’

तो महिपती होता.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

तिनं फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. ‘‘उंच दिसतोय.’’

‘‘फोटोत दिसतं माणूस.’’

‘‘हौदु, हौदु,’’ तिनं कानडीत होकार भरला. मग टोपीवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘हिकडं बगाय पायजे हुतं त्यानं.’’

‘‘नवरीकडं बघत होते ना.’’

ते तिला पटलं. मी फोटो अल्बमच्या कागदी कोपऱ्यांतून सोडवून दिला. तिनं तो पदरात गुंडाळला, पदर कमरेला खोचला आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

महिपती आजही केममध्ये ठणठणीत आहे. वळसंगला एका घरात रोज सकाळी आपल्या पाठीला विभूती लागते, हे त्याला मी सांगितलेलं नाही. त्याला उगीच पाठदुखीची शंका यायची.

पंचमीला मुक्ता माहेरी आली. दुपारी तिनं अल्बम काढला आणि त्या पानावर थांबली.

‘‘बाबा, इथला फोटो?’’

‘‘अण्णांच्या बहिणीनं नेला. अण्णा होते त्यात.’’

‘‘अण्णा?’’ ती माझ्याकडं बघत राहिली. ‘‘अण्णा कुठं होते? अंतरपाट धरायच्या आधी मी बघितलं की सगळीकडं. पुढं उभा राहीन म्हणाले होते मला. दिसलेच नाहीत.’’

‘‘गर्दी होती फार,’’ मी म्हणालो.