तारीख नसलेला राजीनामा

आमच्या कार्यालयात माझ्या माघारी मला ‘तारीखबाई’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही. साहेब, म्हणजे मुख्यमंत्री, पत्रांवर नुसती सही करतात, तीही सकाळच्या चहाबरोबर गठ्ठ्यानं. कागद ज्या दिवशी बाहेर पडेल त्या दिवसाची तारीख मी घालते. सही त्यांची, तारीख माझी, हा अकरा वर्षांचा शिरस्ता. जावक विभागाला तो इतका अंगवळणी पडलाय की तारखेचं अक्षर माझं नसेल तर ते कागद परत पाठवतात.

म्हणून तर त्या दुपारी साहेबांच्या पक्षाचे उपनेते माझ्या टेबलासमोर स्वतः खुर्ची ओढून बसले. कालपर्यंत ‘ओ बाई’ म्हणणाऱ्या माणसाला आज मी एकदम ‘ताई’ झाले होते.

“ताई, तो कागद तुमच्याच कपाटात आहे ना?”

कोणता, हे विचारायची गरज नव्हती. सत्तेवर आल्याच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी सगळ्या मंत्र्यांकडून बिनतारखेचे राजीनामे लिहून घेतले होते. उद्या कुणी वाकडं चाललं तर हाताशी असावेत म्हणून. मंडळी कुरकुरायला लागली तेव्हा “आधी माझा घ्या” म्हणत त्यांनी स्वतःच्या राजीनाम्यावर झोकात सही ठोकली. टाळ्या पडल्या. मी तो कागद कपाटात ठेवला आणि सगळे विसरून गेले. उपनेते विसरले नव्हते.

“चारला पक्षाची बैठक आहे,” ते म्हणाले. “साहेब काही ऐकायला तयार नाहीत. लोकांनी निवडून दिलंय, लोकच काढतील, म्हणतात. आता खाली बघा, लोकच आलेत. तुम्ही फक्त आजची तारीख घाला. पुढचं मी बघतो.”

खिडकीखाली घोषणा चालल्या होत्या. नदीकाठच्या वस्तीतले आईबाप होते ते. तिथलं पाणी पिण्यालायक नाही असा प्रयोगशाळेचा अहवाल आला, तेव्हा मतदान नऊ दिवसांवर होतं. ‘अहवाल पुढील आदेशापर्यंत राखून ठेवावा’ असा साहेबांच्या सहीचा आदेश निघाला. त्या नऊ दिवसांत चौदा मुलं गेली.

त्या आदेशावरही तारीख माझीच होती. आणि ती घालण्याआधी मी अहवाल वाचला होता, हे घरीसुद्धा कुणाला ठाऊक नाही. माझी सून मुलांच्या रुग्णालयात परिचारिका आहे. त्या दिवसांत ती घरी यायची, कोपरापर्यंत हात धूत राहायची आणि न बोलता ताटावर बसायची. मी तिला वाढायचे. ‘अजून एक गेलं’ म्हणाली की ‘अरेरे’ म्हणायचे. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

“आधी मी साहेबांशी बोलते,” मी म्हणाले. उपनेत्यांचं तोंड एवढंसं झालं.

कागद घेऊन मी आत गेले. साहेब पडदे ओढून बसले होते. माझ्या हातातला कागद त्यांनी लांबूनच ओळखला.

“त्यानं मागितला?”

“हो. मी अजून दिला नाही.”

“तुम्हाला काय वाटतं, बाई? जावं मी?”

अकरा वर्षांत त्यांनी माझं मत कधी विचारलं नव्हतं. चहात साखर किती, एवढंही नाही.

“जावं,” मी म्हणाले.

ते नुसतेच हसले. “माझ्या जागी कोण बसेल, माहीत आहे? तोच. अहवाल थांबवायचं ठरलं तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. त्यानंच सुचवलं ते. मग मला एकट्याला हाकलून कुणाचं भलं होणार आहे?”

ते बोलत होते ते खरं होतं.

“आणि त्या मुलांच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या समितीपुढे सोमवारी माझे वकील काय सांगणार, तेही ऐकून ठेवा.” त्यांचा आवाज खाली आला. “साहेब गठ्ठ्यानं सह्या करतात. कुठला कागद कधी बाहेर काढायचा हे कार्यालय ठरवतं. त्या आदेशावरची तारीख साहेबांच्या अक्षरात नाही. एवढंच. त्यांनी तसं बोलू नये असं वाटत असेल, तर हा कागद परत कपाटात ठेवा.”

मला संताप आला. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांचंच पेन उघडून वर ठेवलं.

“या वेळी तारीख तुम्ही घाला.”

“आणि नाही घातली तर?”

“तर सोमवारची वाट कशाला बघायची? समिती खालच्याच मजल्यावर बसलीय. मी जाऊन सांगते, तारीख मी घातली, कारण ‘आजच काढा’ असा तुमचा फोन आला. अहवाल तुम्हीही वाचला होता आणि मीही.”

“नोकरी जाईल तुमची. खटला होईल.”

“होऊ दे.”

त्यांनी पेन उचललं.

“आज किती तारीख?”

सवयीनं ओठांवर आलेला आकडा मी गिळला. दिनदर्शिका त्यांच्या मागच्या भिंतीवर होती. त्यांनी खुर्ची वळवली, बघितलं आणि तारीख घातली. अक्षर पार वेडंवाकडं आलं. जावकवाल्यांनी परत पाठवू नये म्हणून मी शेजारी माझं आद्याक्षर टाकलं.

“झालं समाधान?” ते म्हणाले. “आता त्या आदेशाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मीही सुटलो, तुम्हीही सुटलात.”

मी काही बोलले नाही. इतकी वर्षं माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी होकार असाच लावला होता.

बाहेर उपनेत्यांनी कागद जवळजवळ हिसकावूनच घेतला. “ताई, मोठं काम केलंत. चारलाच जाहीर करतो.” घडी घालता घालता ते पुढे म्हणाले, “आणि ती समितीही गुंडाळून टाकू. माणूस गेला, विषय मिटला. तुमच्याही डोक्याचा ताप गेला.”

खोटं कशाला सांगू, माझा जीव भांड्यात पडला. साहेब गेले, नोकरी राहिली, सुनेला काही कळणार नव्हतं. तसं हवं तर मी जागेवर जाऊन बसू शकत होते. खाली घोषणा चालूच होत्या. चारनंतर कुणीतरी त्यांना सांगेल की तुम्ही जिंकलात, आणि ते घरी जातील.

मी जिना उतरून खालच्या मजल्यावर गेले. समितीच्या खोलीत तिघं जण फायली आवरत होते. वरून निरोप आला असावा.

“बाई, आजचं कामकाज संपलं,” त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले. “साहेबांचं काही पत्र आहे का?”

“नाही,” मी म्हणाले आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले. “त्या आदेशावर तारीख मी घातली. अहवाल वाचून.”