दोन खुर्च्या सोडून

स्वयंसेविका मोजपट्टीने पाहुणीला मागच्या जिन्याने खाली संग्रहालयाच्या वाचनकक्षात आणलं, तर राखाडी जाकीटवाला तिथे आधीच बसलेला. तिच्यासाठी ओढलेल्या खुर्चीपासून दोन खुर्च्या सोडून. तो ओळखीचं हसला.

पाहुणीची बोटं मोजपट्टीच्या मनगटावर आवळली.

“ही तिसरी खोली, आणि हा आधीच हजर,” ती पुटपुटली. “मी घरी कधी पोचते, हेही त्याला माहीत असतं.”

मोजपट्टी ही खनिजांच्या प्रदर्शनातली स्वयंसेविका. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची नाही, म्हणून बाकीच्यांनी हे नाव पाडलेलं. मागचा जिना हीच जवळची वाट होती. वाटेत चिटपाखरू नव्हतं. त्याला तर धापही लागलेली नव्हती.

तिने दारावरच्या सुरक्षारक्षकाला खूण केली.

“नुसता बसलाय की,” तो म्हणाला. “बसायला काय बंदी आहे?”

सकाळच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं : अंगाला हात लावला तरच त्रास, असं नसतं. बाईचं ऐका. तिला एकटं सोडू नका. हलवण्याआधी जागा वॉकी-टॉकीवर कळवा. तिने सगळं तंतोतंत केलं होतं.

पाहुणीला घेऊन ती बाहेर पडली आणि बटण दाबलं. “पाहुणीला वर नकाशांच्या खोलीत नेतेय.”

पण नेलं नाही. दोघी खांबाआड थांबल्या.

मिनिटभराने राखाडी जाकीटवाला बाहेर आला. घाई नाही, इकडेतिकडे बघणं नाही. सरळ चौकशीच्या टेबलापाशी गेला. तिथे बसणाऱ्या मावशी, सगळ्यांत जुन्या स्वयंसेविका, कानाशी धरलेला वॉकी-टॉकी खाली ठेवून त्याच्याकडे बघून हसल्या आणि त्यांनी बोट वर केलं. त्याने वाकून हात जोडले. जिना चढू लागला.

मोजपट्टी पाहुणीला घेऊन खांबाआडून टेबलाकडे निघाली.

“अगं, तुम्ही इथेच?” दोघी समोर येताच मावशी म्हणाल्या. “किती ती पळापळ! भाऊ बिचारा शोधून शोधून दमला. प्रत्येक वेळी मीच सांगते म्हणून बरं, नाहीतर चुकामूकच व्हायची.”

“कोणाचा भाऊ, मावशी?”

“हिचा गं. इतका गोड बोलतो! आपल्या सगळ्या पोरांना सांगून ठेवलंय मी, त्याला मदत करा म्हणून.”



“मला भाऊ नाही,” पाहुणी म्हणाली.

मावशींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

टेबलावरचा वॉकी-टॉकी खरखरला. वरच्या मजल्यावरचा स्वयंसेवक होता, उत्साही, मदतीला तत्पर.

“मावशी, नकाशांच्या खोलीत कोणीच नाही हो. ताईंना कुठे नेलंय?”

वॉकी-टॉकी पुन्हा खरखरला.

“सांगा ना मावशी. ताईंचे भाऊ इथे माझ्या शेजारीच उभे आहेत.”