मागे कोणी राहिलं का?

आमच्या चाळीत नाटकाची तालीम माझ्या दारासमोरच्या गॅलरीत चालायची, म्हणून मला सगळी नाटकं पाठ. आणि पाठ झालं की तोंड गप्प बसत नाही, हा माझा जुना रोग आहे.

संपाच्या आधीच्या गणपतीतली गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या शामरावांनी नाटक लिहिलं होतं. मिलमधल्या साच्यांच्या खडखडाटात म्हाताऱ्याचे कान गेलेले, पण हात लिहिता होता. किल्ल्याला वेढा पडलाय, आतलं धान्य संपलंय, आणि किल्लेदार एकटा बुरुजावर लढत झेंडा छातीशी धरून मरतो. पडदा. किल्लेदार आमचे हे, जयवंत. आवाज असा, की लालबागेत खाकरले तर परळच्या नाक्यावरचा माणूस मागे वळून बघेल.

मी तांदूळ निवडत ऐकत होते. चौथ्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, "शामराव, हा तुमचा किल्लेदार मेला झेंडा घेऊन. आतल्या बायकापोरांचं काय?"

शामरावांना ऐकू आलं नाही, म्हणून मी तीनदा ओरडले. सगळ्या चाळीला ऐकू गेलं.

"मरायला काय अक्कल लागते? माणसं बाहेर काढायला लागते! एक चोरदरवाजा ठेवा तिथे. सगळ्यांना पुढे जाऊ दे, ह्याला दारात उभा राहून विचारू दे, 'मागे कोणी राहिलं का?' आणि मग सगळ्यात शेवटी स्वतः बाहेर पडू दे."

"आणि बाहेर पडल्यावर काय करेल?" शामरावांनी विचारलं.

"काय करणार? चूल मांडेल! त्यात कसलं आलंय नाटक?"

पोरं खो खो हसली, पण शामराव हसले नाहीत. आठवड्यात शेवट बदलला. प्रयोगात ह्यांनी दारात वळून ते वाक्य म्हटलं तेव्हा शेजारची रखमा पदरात तोंड घालून रडली. त्या दिवसापासून आमचे हे किल्लेदार झाले ते झालेच. नळावरची भांडणं पण ह्यांच्यापुढे यायला लागली.

मग जानेवारीत मिलचा संप झाला. पहिलं वर्ष जोरात गेलं, गावाहून तांदूळ आला, कुळीथ आले. दुसऱ्या उन्हाळ्यात गाववाले तरी किती पाठवणार? माझ्या फळीवरची भांडी एकेक करून उतरली. आमच्याच मजल्यावरचे तिघे अंधारात मागच्या गेटने मिलमध्ये कामाला घुसले, त्यांच्या दारावर कोणीतरी शेण मारलं. मिलने नोटीस लावली, सोमवारी येतील त्यांनाच घेणार. रविवारी सगळी चाळ खालच्या चौकात जमली आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत बसली. बघणारच. किल्लेदार ना!

मला वाटलं, आता हे गर्जना करणार. पण हे उठले आणि अगदी घरातल्या आवाजात बोलले. "आपण हरलो. मला कोणाला खोटी आशा लावायची नाही. पण चोरासारखं कोणी जायचं नाही. उद्या सगळे मिळून पुढच्या गेटने जाऊ."

चाळीतलाच गुणाजी ताडकन उठला. "अरे, हा किल्लेदार? भेकड साला!" म्हणाला. "नाटकात बरा शूर होतास!"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. गुणाजीला मी जे बोलले ते इथे सांगत नाही.

घरी आल्यावर मी ह्यांना देवासमोर उभं केलं. "उद्या पहिला नंबर तुमचा. शब्द द्या. ह्या घरात आता विकायला काही उरलं नाही." त्यांनी शब्द दिला.

सोमवारी पहाटेच मी त्यांना डबा देऊन हाकललं, आणि भरवसा नव्हता म्हणून मागोमाग स्वतः गेले. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. हे खरंच पहिले उभे होते. मागे आमच्या चाळीतले एकोणपन्नास. मला हायसं वाटलं.

मग गुणाजी आला. आला म्हणजे काय, रस्त्याच्या अलीकडेच, माझ्यापासून दहा पावलांवर थांबला, मान खाली घालून. काल ज्याला भेकड म्हणाला त्याच्या मागे कोणत्या तोंडाने उभा राहणार? ह्यांनी त्याला बघितलं. रांग सोडून रस्ता ओलांडला, त्याचा दंड धरला आणि नेऊन आपल्या पहिल्या जागेवर उभा केला. आणि स्वतः चालत गेले थेट रांगेच्या शेवटी. मी तोंडात पदर कोंबला, नाहीतर किंचाळलेच असते.

गेट उघडलं. टाइमकीपर एकेकाला आत घ्यायला लागला. गुणाजी गेला, मग दुसरा, तिसरा. चाळीस जण आत गेले आणि टाइमकीपर म्हणाला, "बस. जागा भरल्या." गेट बंद झालं.

ह्यांना धरून अकरा जण बाहेर. दोघे मटकन फुटपाथवर बसले, एक जण ढसाढसा रडायला लागला. हे त्यांच्याकडे वळले. नाटकातला आवाज नव्हता.

"मागे कोण कोण राहिलं रे?"

"मी!" समोरून मी ओरडले, रागात गावची बोलीच तोंडात आली. "मी रवलंय! मी!"

हातगाडीवाला थांबून बघायला लागला. हे रस्ता ओलांडून आले. त्या दहा माणसांसमोर, टाइमकीपर जाळीतून बघत असताना, माझ्यासमोर मान खाली घालून उभे राहिले.

"तुला विचारायचं राहिलं," म्हणाले. "शब्द मोडला मी. चुकलं."

"मोडलात कशाला?"

"गुणाजी समोर दिसला. पाय पुढे जाईना. दुर्गा, मला दुसरा शेवट पाठच नाही."

मला भयंकर राग आला होता. आणि त्या रागातच रडू फुटलं, कारण शेवट माझा होता. मीच गॅलरीतून तीनदा ओरडून लिहून घेतला होता. आता भोगायला दुसरी कोण येणार?

मी डोळे पुसले. त्यांच्या हातातला डबा घेतला, रस्ता ओलांडला आणि त्या दहा जणांसमोर उघडला. भाकऱ्या दोनच, पण तुकडे अकरा केले.

"खा आणि ऐका," म्हटलं. "उद्या पहाटे दादरच्या मार्केटला यायचं सगळ्यांनी. रखमाच्या भावाची हातगाडी पडून आहे, ती मागून घेते. गाडी एक, ओढायला अकरा. भाजी निवडायला मी आहे. लाज वाटत असेल त्याने आत्ताच सांगावं."

जो रडत होता त्याने नाक पुसलं आणि भाकरीचा तुकडा उचलला.

"आणि तुम्ही हो," मी ह्यांना म्हटलं, "ह्यापुढे मागे कोणी राहिलं का विचारायचं असेल, तर आधी माझ्याकडे बघून विचारायचं."

त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चला."