राहण्याचं ठिकाण

"उद्या न्यायमूर्तींनी विचारलंच, तर एवढंच सांगायचं, मास्तर," वकीलबाई म्हणाल्या. "मी इथे राहतो. बाकी घटना, कायदा, कलमं माझ्यावर सोडा."

मास्तरांनी शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवला आणि उगाच पुन्हा काढला. "राहतो असं कसं म्हणू? मी चार दिवसांसाठी आलोय."

शिवणखोलीत चादरींना टिपा घालणारे दोघे खालमानेने हसले. मास्तरांचे चार दिवस साऱ्या मनोरुग्णालयाला पाठ होते. या चार दिवसांत कितीतरी अधीक्षक येऊन गेले, आवारातल्या रोपांची झाडं झाली आणि मास्तरांच्या मिशा पिकल्या. आजार केव्हाच बरा झाला होता, डॉक्टरही तसं सांगत. पण बरं होऊन जायचं तर जायला घर लागतं, आणि न्यायला कोणी आलं नाही. मग हाताला येत होतं ते शिवणकाम करत मास्तर थांबले.

वॉर्डात प्रत्येक खाटेच्या वर एक लाकडी खुंटी होती. कोणाच्या खुंटीला टॉवेल, कोणाच्या टोपी. मास्तरांची तेवढी रिकामी. घरी जाताना घालायचा म्हणून शिवलेला निळ्या रेघांचा शर्ट ते घडी करून उशीखाली ठेवत. अंग उतरत गेलं तसा त्यांनी तो उसवून आत घेतला, पण खुंटीला टांगला नाही. टांगला की मुक्कामच पडला, अशी त्यांना धास्ती.

मताचं खूळ त्यांनीच काढलं होतं, आणि त्यामागे काही फार थोर विचार नव्हता. जुन्या गल्लीतल्या शाळेत मतदान असतं, ताई दरवेळी जाते. आपणही रांगेत उभे राहिलो तर ती काय तोंड फिरवणार आहे? आईच्या मागे ताईनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. त्यांनी ताईच्या पत्त्यावर मतदारयादीत नाव घालायचा अर्ज केला. चौकशीचा माणूस ताईच्या घरी गेला आणि 'ते इथे राहत नाहीत' एवढं उत्तर घेऊन आला. मग वकीलबाईंनी रुग्णालयाचा पत्ता घालून दुसरा अर्ज करायला लावला. तोही परत आला. वेड्यांच्या इस्पितळातल्यांना मत नसतं म्हणे. वेडा कोण हे ठरवायचं तर कोर्टाने ठरवावं, घटनेने दिलेला हक्क कुणा साहेबाच्या शंकेने जात नाही, असं म्हणत बाई थेट उच्च न्यायालयात गेल्या.

आणि तिथे मास्तरांची जीभच आडवी आली. चौकशीला आलेल्या साहेबांना ते सवयीने बोलून गेले होते, 'आम्ही काय, इथे चार दिवसांचे पाहुणे.' सरकारी वकिलांनी नेमकं तेवढंच धरून ठेवलं. पाहुण्याला कुठला आलाय मतदारसंघ?

"तुम्ही राहतो म्हणालात, तर इथल्या सगळ्यांना मत मिळेल," वकीलबाई म्हणाल्या. "नाही म्हणालात, तर सगळ्यांनाच दार बंद."

"ताईच्या घरचं उत्तर भाच्याने दिलं असेल. त्याला काय माहीत आहे?"

वकीलबाईंनी पिशवीचा पट्टा सारखा केला. "भाच्यानेच दिलं. पण ताई शेजारी उभ्या होत्या, मास्तर. काही बोलल्या नाहीत."

मास्तरांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मशीन बंदच होतं.

"चालती-फिरती आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत. तब्येत चांगली आहे."

"मग ठीक."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाला निघताना शेजारच्या खाटेवरचे अप्पा खाटेचा लोखंडी दांडा अंगठ्याने दाबत बसले होते. "मास्तर, ते मताचं बटण जोरात दाबायचं की हळू?"

"आधी मिळू तर दे, अप्पा."

"मिळेल. तुम्ही चाललाय ना."

कोर्टात न्यायमूर्तींनी खरंच विचारलं, आणि फार मऊ आवाजात विचारलं. "तुम्ही राहता कुठे?"

जुन्या गल्लीचं नाव मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. अप्पांचा अंगठा आठवला आणि त्यांनी ते गिळलं.

"इस्पितळात राहतो, साहेब. तिथेच जेवतो, तिथेच काम करतो."

"पण तुम्ही म्हणालात, घरी परत जाणार आहात."

"म्हणायची सवय होती, साहेब." मास्तरांनी कठडा धरला. "न्यायला कोणी येणार नाही."

इतकं खरं आणि इतकं नकोसं वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. एकट्याने रात्री पडल्या पडल्यासुद्धा नाही.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. वकीलबाईंचे डोळे भरून आले. कोर्टाने आणखी एक उपकार केला, मतदान केंद्र रुग्णालयातच ठेवायला सांगितलं. म्हणजे फाटकाबाहेर पाऊल टाकायचंही कारण उरलं नाही.

मतदानाच्या दिवशी जेवणघरातली टेबलं भिंतीला लावली आणि रोजची ताटांची रांग मतांची झाली. मास्तर निळ्या रेघांचा शर्ट घालून उभे होते. अप्पांनी बटण इतका वेळ दाबून धरलं, की आतून शिट्टीसारखा आवाज होऊनही ते हलेनात.

"झालं आजोबा, सोडा आता," अधिकारी म्हणाले.

"पोचलं ना नक्की?" अप्पांनी विचारलं, आणि सगळी रांग हसली.

मास्तरांचा नंबर आला. अधिकाऱ्यांनी नाव वाचलं, मग पत्ता. मनोरुग्णालय, पुरुष वॉर्ड. "बरोबर?"

"बरोबर," मास्तर म्हणाले.

मत देऊन ते वॉर्डात आले. अजून कोणी परतलं नव्हतं. आता ताईही शाळेच्या रांगेत उभी असेल, तिच्यामागे कोण असेल, असं त्यांच्या मनात येत राहिलं. त्यांनी शर्ट काढला. सवयीने घडी घातली, उशी उचलली, आणि तसेच थांबले.

तेवढ्यात अप्पा आले. खाटेवरचा शर्ट बघून त्यांचा चेहरा उतरला. "घरी निघालात, मास्तर?"

"नाही, अप्पा."

बोटावरची शाई अजून ओली होती. ती लागू नये म्हणून ते बोट बाजूला धरून मास्तरांनी शर्टाची घडी मोडली आणि शर्ट खुंटीला टांगला.