अर्धा पीळ

पिवळा धागा. वंगणाचा वास. सरकत जाणारं आभाळ. अकरा वर्षं. टॉवेलचा तुकडा. खट, खट, खट.

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. ट्रेलरवर चढवलेली गाडी घसरू नये म्हणून तिची चाकं आवळून धरतात, त्या चार पट्ट्यांपैकी एक. एक टोक चाकाला, दुसरं ट्रेलरच्या कडीत. मधलं सगळं आभाळ माझं.

बांधायचं काम ताईचं, चालवायचं तिच्या दादाचं. ताई मला अर्धा पीळ द्यायची, म्हणजे वाऱ्याने मी थरथरत नसे. लोखंडी काठावर माझ्याखाली टॉवेल ठेवायची. निघाल्यावर दहा मिनिटांनी ट्रेलर थांबवून कळ फिरवत, खट, खट, खट, पुन्हा सगळ्यांना आवळायची.

"आला हिचा थांबा!" दादा कुरकुरायचा.

"हादऱ्यांनी गाडी खाली बसते रे. पट्टे सैल पडतात."

खरं सांगू? पीळ नसला की मी गुणगुणतो. दादाला ते आवडायचं. मलाही.

एकदा ताई तापाने निजली होती. एका निवृत्त बाईंची फिकट निळी गाडी मुलीच्या घरी पोचवायची होती. बाईंच्या नवऱ्याने भंगारातून आणून, अकरा वर्षं खपून ती उभी केली होती. आता तो नव्हता, गाडी होती. दादाने एकट्यानेच बांधाबांध उरकली आणि बाई त्याच्या शेजारी बसल्या. पीळ नाही, टॉवेल नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली, थांबा नाही.

मी गाऊ लागलो. झाडं मागे वाहत गेली. मला वाटलं, मी पट्टा नाहीच, एक लांब पिवळी नदी आहे आणि निळी गाडी माझ्यावर तरंगते आहे. कुठेतरी एकेक धागा तुटत होता. स्वप्नात दुखत नाही, मित्रांनो.

"ऐकलंत, मावशी? पट्टा गातोय!" दादा म्हणाला.

"गातोय की कण्हतोय? थांबवा."

"अहो, वीस वर्षं हेच करतोय मी."

"मी तीस वर्षं वर्ग सांभाळलाय. मागच्या बाकावरून असला आवाज आला की उठून बघायचं असतं. थांबवा म्हणते ना!"

दादा उतरला. काठावर मी निम्मा कापला गेलो होतो. उरलेले तिघे सैल पडले होते. पुढे उतार होता. दादाने मला सोडवून हातात घेतलं.

"आमच्या ताईला सांगू नका हं."

"सांगणार तर! आधी हा माझा टॉवेल घ्या."

माझ्या जागी नवा पट्टा आला. खाली टॉवेल, मधे अर्धा पीळ. दादाने चौघांना आवळलं आणि दहा मिनिटांनी, कुणी न सांगता, ट्रेलर थांबवला.

आता मी गॅरेजच्या खिळ्यावर असतो. नवं कुणी कामाला आलं की ताई माझी जखम त्याच्या बोटांना चाचपायला लावते. मित्रांनो, तुम्हीही काही बांधाल तेव्हा थोडं पुढे जाऊन थांबा, उतरा, हात लावून बघा. आणि आम्ही गायला लागलो, तर कौतुक करत बसू नका.

आणि ती निळी गाडी? बाईंच्या नवऱ्याला गाडी चालवता येत नव्हती, तरी अकरा वर्षं त्याने तिचा एकेक भाग हात लावून बघितला होता.